एका ताटातली एकवीस भोकं

कागदावर एकवीस भोकं होती. मी ती डावीकडून उजवीकडे मोजली, मग उजवीकडून डावीकडे, मग प्रत्येक भोकात पेन्सिलीचं टोक घालून मोजली. एकवीसच. वाटीएवढ्या काळ्या गोलात चौदा, बाहेरच्या पांढऱ्यावर सात. कागद लाकडी चौकटीला चार खिळ्यांनी ठोकलेला, त्यांतला एक खिळा वाकडा. खाली गवतात कुठल्यातरी जुन्या रविवारच्या पापडाचे तुकडे. आणि माझ्या शेजारी, कमरेवर हात ठेवून, दिग्विजय शिंत्रे.

"वीस," तो म्हणाला.

"एकवीस."

"तुझ्या दहा, माझ्या दहा. बीएस्सीला बेरीज शिकवत न्हाईत काय?"

"भोकं बेरीज विचारून पडत नाहीत. मोज तूच."

त्याने मोजली. ओठ हलवत, बोट ठेवत. शेवटच्या भोकाशी त्याचं बोट थांबलं आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तू अकरा मारल्यास."

"मी? गोळ्या काका स्वतः मोजून देतात. अकरावी मी काय घरी वळली?"

"मागच्या खेपेला पण एक जास्त होतं. तेव्हा पण तूच."

"तेव्हा मी म्हणाले होते की तू."

मागून सुभेदारकाका येत होते. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी, चाल मात्र परेडची. निम्म्या वाटेवरूनच त्यांचा आवाज आला, "काय, ताट वाटून झालं का अजून भांडताय?"

आता हे ताट म्हणजे काय, ते सांगायला हवं.

आमचा रायफल क्लब गावाबाहेरच्या पठारावर, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत होता. खाणीची उभी भिंत, तिच्यापुढे मातीचा जाड बांध, बांधापुढे चौकट, आणि चौकटीपासून तीनशे मीटरवर आमची पडून नेम धरायची जागा. क्लबकडे लांब पल्ल्याची रायफल एकच. तिचं नाव थोरली. क्लबचे प्रशिक्षक सुभेदार नामदेव चौगुले, सैन्यातून निवृत्त झालेले. एके काळी त्यांच्या नेमाचं नाव पलटणीबाहेरही होतं म्हणे. मी त्यांना कधी नेम धरताना पाहिलं नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि त्यांनी रायफल खाली ठेवली ती ठेवलीच. पुढे ऑपरेशन झालं, पण काळा चष्मा आणि "डॉक्टरांनी धक्का नको म्हणून सांगितलंय" ही दोन्ही तशीच राहिली.

छापील लक्ष्यावर काकांचा राग होता. "त्या गोलाची सवय लागली की माणूस गोल मारतंय, नेम मारत न्हाई," असं ते म्हणायचे. म्हणून दर रविवारी चौकटीवर काहीतरी वेगळं असायचं. कधी जुना तवा. लागला तर गोळी सुटल्यावर साधारण सव्वा सेकंदाने "टण्" असा आवाज यायचा. तो सव्वा सेकंद आमच्या आयुष्यातला सर्वांत लांब. कधी दोऱ्याला बांधलेला फुगा, वाऱ्याने डुलणारा. कधी काकांच्या जेवणाच्या डब्यातला उडदाचा पापड. पापडाला अर्धवट काही माहीत नसतं, तो फुटतो किंवा राहतो.

आणि सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे एक ताट. एकच कागद, त्यावर काकांनी हाताने काढलेला, दर वेळी वेगळ्या मापाचा काळा गोल, त्यावर दोघांनी मारायचं, पाळीपाळीने पाच-पाच करत दहा-दहा, दुर्बिणीतून तपासायचं नाही. शेवटी दोघांनी जाऊन आपापली भोकं ओळखायची. काकांचं म्हणणं असं की घोडा दाबला त्या क्षणी नळी कुठे होती हे ज्याला कळतं, त्याला आपली गोळी कुठे गेली ते कागद न पाहता सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो नुसता आवाज काढतोय.

तत्त्व उत्तम होतं. अडचण दिग्विजयची होती. त्याला दर वेळी आपली भोकं बरोबर ओळखू यायची आणि ती दर वेळी मधलीच असायची. कडेला भटकलेलं एखादं दिसलं की तो खांदे उडवायचा. "ही तुझी असणार. तू श्वास लवकर सोडतीस."

एरवी मी हसून सोडलं असतं. पण या रविवारच्या ताटावर पुण्याची राज्य स्पर्धा होती. क्लबला प्रवेशिका एकच, कारण थोरली एकच. काकांनी सकाळीच दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "दहा गोळ्या ज्याच्या जास्त जवळजवळ, तो पुण्याला. संध्याकाळी नाव कळवायचं हाय. उगं रडायचं न्हाई." माझा तोवरचा सर्वांत चांगला दहाचा पुंजका, म्हणजे सर्वांत दूरच्या दोन भोकांतलं अंतर, एक्याऐंशी मिलिमीटरचा होता, दिग्विजयचा चौऱ्याऐंशीचा. तीन मिलिमीटरचा फरक, म्हणजे खरं तर काहीच नाही. मी ते वर्षभर रोज पहाटे पठारावर सायकल मारत कमावलं होतं. आणि ते त्याच्या खांदे उडवण्यात घालवायची माझी तयारी नव्हती.

म्हणून मी बंदोबस्त केला होता.

काका पोचले. मी खिशातून मिलिमीटरचेही भाग मोजणारा व्हर्नियर कॅलिपर काढला. तो माझ्याजवळ कायम असायचा, त्यामुळे काकांनी माझं नावच व्हर्नियर पाडलं होतं.

"काका, आज वाटणीचा प्रश्नच नाही," मी म्हणाले. "माझी भोकं मला सिद्ध करता येतात."

"आँ? कशी?"

"माझ्या प्रत्येक गोळीच्या टोकाला मी ताईची लिपस्टिक लावली होती. गोळी कागदातून जाताना रंग कडेला पुसला जातो. ज्या भोकाची कड लाल, ते माझं. मागच्या रविवारी दोन गोळ्यांवर करून पाहिलंय, चालतं."

काकांनी काळ्या चष्म्यावरून भुवया वर केल्या. मी विजयी मुद्रेने दिग्विजयकडे पाहिलं. तो चिडेल, तोंड पाडेल, निदान दचकेल अशी माझी अपेक्षा होती. तो मात्र आभाळाकडे बघत शीळ घालत होता.

मग मी कागदाला नाक लावलं.

पहिलं भोक लाल. दुसरं लाल. तिसरं, चौथं, पाचवं लाल. अकरावंही लाल निघालं, तशी मी बाकीच्यांवरून भराभर नजर फिरवली.

"सगळीच लाल आहेत," मी म्हणाले.

"मग सगळी तुझीच," दिग्विजय म्हणाला. "वीस गोळ्या मारल्यास. मी काय, वारा घ्यायला आलो होतो."

मी विचार केला. रायफल एकच, नळी एकच. माझा रंग नळीत राहून त्याच्या गोळ्यांना लागला असेल का? असेल, पण मग त्याची भोकं फिकट हवीत. ही तर सारखी ठसठशीत होती. मी कागदावरून नजर काढली आणि दिग्विजयच्या उजव्या हाताकडे पाहिलं. अंगठा आणि तर्जनी, दोन्हींची पेरं लाल.

"हात दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणते ना."

त्याने हात मागे घेतला. काकांनी काठीच्या टोकाने तो पुढे आणला.

"शिंत्रे, हे काय रं?"

"जास्वंद," दिग्विजय म्हणाला. "पूजेला तोडली सकाळी."

"तू? पूजा?" मी म्हणाले. "कुणाची लिपस्टिक आहे?"

त्याला हसू आवरेना. "आईची. मागच्या रविवारी तुझी बोटं बघितली मी. मला वाटलं मेंदी. मग म्हटलं, ही मेंदी फक्त गोळ्या भरायच्या बोटांनाच कशी? आणि परत कागदावर दोन भोकं लाल. मग काय, मी पण लावली. तू लाल म्हणालीस की मी पण लाल म्हणणार. पुरावा गेला पाण्यात."

मला राग यायला हवा होता. आला, पण त्याच्या आधी आला तो आदर. युक्ती निर्दोष होती.

"शेड कुठली?" मी विचारलं.

"काय?"

"माझी विटकरीकडे झुकते. आईंची कुठली? कागद कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला तर प्रत्येक भोकाच्या कडेचा रंग द्रावणात उतरवून वेगळा..."

"ए गप!" काका ओरडले. "माझ्या थोरलीच्या नळीत तुम्ही दोघांनी लाली भरलीया? लाली? तीस वर्सं रायफल धरली, तिच्या नळीत मी तेलाशिवाय काय घातलं न्हाई! आणि आता कुणाची लाली कुठली म्हणून प्रयोगशाळा काढताय व्हय? दोघं बसा. नळी पुसा. चिंधी पांढरी निघंपत्तूर पुसायची."

"आणि पुणे?" आम्ही दोघांनी एकदमच विचारलं.

"पुण्याचं मी बघतो."

ते ज्या घाईने वळले, ती घाई मला खटकली. सुभेदारकाका भांडण अर्धवट सोडून कधी जात नसत. भांडण त्यांना आवडायचं. मी पुन्हा कागदाकडे वळले. वीस भोकं लाल होती, हे खरं. पण भोकं एकवीस होती.

एकविसावं शोधायला वेळ लागला नाही, कारण ते अगदी मध्ये होतं. बाकीच्या गर्दीत मी त्याला आपलंच समजत होते. आता खिशातल्या भिंगातून पाहिलं तर त्याची कड लाल नव्हती. तिथे रंगाचा कणही नव्हता.

"काका, एक मिनिट."

"काय हाय आता?"

"हे भोक कोरं आहे."

"किडा असंल. भुंगा."

मी कॅलिपर लावला. "ह्या भुंग्याचा व्यास शेजारच्या भोकांएवढाच आहे. आणि तो गोलाच्या केंद्रापासून चार मिलिमीटरवर येऊन बसला."

"मग लावायचं राहिलं असंल तुमच्यापैकी कुणाचं तरी. एक गोळी सुटली लालीतनं."

"मी दहाही रंगवल्या," दिग्विजय म्हणाला.

"मीपण. आणि तरी एकविसावं उरतंच."

मी खिळे काढले, कागद उतरवला आणि सूर्यासमोर धरला. वीस भोकांतून ऊन आलं. एकविसाव्या भोकातूनही आलं, पण त्याच्या भोवती कागदच उजळला. पैशाएवढं एक वर्तुळ, अर्धपारदर्शक, भज्यांच्या पुड्याला असतं तसं.

"तेल," मी म्हणाले.

दिग्विजयने मान वाकडी करून पाहिलं. "तेल कशाचं?"

उत्तर त्यालाही येत होतं. थोरली रात्रभर नळीत तेल घेऊन झोपायची. रविवारी सकाळी पेटी उघडली की पहिली गोळी काका मारायचे. तेलकट नळीतून पहिली गोळी भलतीकडे जाते, म्हणून ती आम्हाला द्यायची नाही, बांधात मारून नळी कोरडी करायची. तिला आम्ही नळीची गोळी म्हणायचो. काका आडवे व्हायचे, "डोळं तर गेलं, मातीचा ढीग तेवढा दिसतोय," असं पुटपुटायचे, आणि धाड. त्या वेळी आम्ही चटई झटकत असायचो, नाहीतर एकमेकांना टोमणे मारत असायचो. तो आवाज आम्ही प्रत्येक रविवारी ऐकला होता आणि एकदाही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

"काका," दिग्विजय हळू म्हणाला, "नळीची गोळी बांधात मारता ना?"

"मातीतच जाती. कागदामागं काय हाय? मातीच हाय की."

"कागदातून जाते मग मातीत!"

"वाटेत कागद आला तर मी काय करू?"

याच वेळी हौसाकाकी आल्या. सुभेदारकाकांच्या पत्नी. रविवारी दुपारी त्या मोपेडवरून डबा घेऊन यायच्या, आणि आमची भांडणं त्यांना जेवणाआधीच्या चटणीसारखी लागायची. त्यांनी मोपेड सावलीत लावली, आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या.

"ह्यांनी परत मारली व्हय?"

"परत?" मी विचारलं.

"अगं पोरी, दर रविवारी रात्री जेवताना मी विचारती, आज कुठं लागली? तर म्हणतात, मधी. मला वाटायचं, थापा मारतात."

काकांनी काळा चष्मा काढून तो सदऱ्याला पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

"आणि डॉक्टरांनी धक्का नको म्हणून सांगितलंय, त्याचं काय?" दिग्विजयने विचारलं.

"कधी?" काकी म्हणाल्या. "ऑपरेशन होऊन आठ महिनं झालं. डॉक्टर म्हणालं, सुईत दोरा ओवा, बंदूक मारा, काय पण करा. सुईत दोरा तर रोज मलाच ओवून देतात."

"मग काका, मारत का नाही?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घातला. "एक मारली आणि चुकली, तर नळीची व्हती. बरोबर लागली, तर मला ठाऊक. दहा मारल्या की मग लपवायला जागा न्हाई. दहा इकडं तिकडं पसरल्या, की तुम्ही पोरं उद्यापास्नं माझं ऐकणार हाय का?"

काकी डब्याची झाकणं सोडवत होत्या.

"पण चार मिलिमीटर, काका," दिग्विजय म्हणाला. "तेलकट नळीतून. कसला नेम आहे राव!"

"एका भोकावरून काही सिद्ध होत नाही," मी म्हणाले.

हे मला म्हणायचं नव्हतं. म्हणजे, खरं तेच होतं. एक गोळी कुठेही पडू शकते, मधोमधसुद्धा. तिच्यावरून नेम मोजणं म्हणजे एका माणसाच्या उंचीवरून गावाची सरासरी काढणं. पण ते मोठ्याने म्हणण्याची गरज नव्हती.

काकांची मान झटकन वळली. "योगायोग म्हणतीस?"

"नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणते. माहीत करून घ्यायचं तर दहा लागतील."

दिग्विजयने माझा दंड धरून मला चौकटीमागे ओढलं. "डोकं फिरलंय काय तुझं?" तो कानात म्हणाला. "त्यांना दहा मारायला लावतीस? नियम आठव. दहा ज्याच्या जास्त जवळजवळ, तो पुण्याला. ज्याच्या म्हणालेत, पोराच्या न्हाई म्हणालेत. गप्प राहिलीस तर संध्याकाळच्या आत आपण दोघं परत मारू, निम्मा निम्मा चान्स. बोलू नकोस."

त्याचा हिशोब बरोबर होता. मला पुण्याला जायचं होतं. इतकं, की त्यासाठी मी ताईच्या कपाटातून लिपस्टिक चोरली होती. मी गप्प राहायचं ठरवलं. खरंच ठरवलं.

"काका," मी म्हणाले, "माझ्याकडे एक कोरा कागद आहे."

"च्यायला!" दिग्विजय म्हणाला आणि दगडावर बसला.

नळी पुसायला आम्हाला बराच वेळ लागला. पहिली चिंधी गुलाबी निघाली, दुसरी निघाली तीही गुलाबी. काकी पाहत होत्या. "आमच्या लग्नात मला कुणी एवढी लावली नव्हती," त्या म्हणाल्या. शेवटी चिंधी पांढरी निघाली. काकांनी नळीला पुन्हा तेलाचा हात दिला.

"आता नळीची गोळी बांधात मारा," मी म्हणाले. "मग दहा."

"नळीचीबी धरायची," काका म्हणाले. "दहात ती पहिली. लपवायला जागा न्हाई म्हणलो न्हवं मी?"

मी आणि दिग्विजय कोऱ्या कागदावर तसाच काळा गोल काढून तो ठोकून आलो. या वेळी ताट एकट्याचं होतं. वारा डावीकडून, फार नाही, बांधावरचं गवत वाकेल एवढा. गोळीबार चालू असल्याचा लाल झेंडा वर होता. काका चटईवर आडवे झाले, काठी बाजूला ठेवली, मग काळा चष्मा काढून काकींकडे दिला.

"पोट आत घ्या," काकी म्हणाल्या.

"बोलू नको."

"बोलत न्हाई. घ्या तेवढं."

पहिली गोळी सुटली. मग बराच वेळ काही नाही. मी काकांच्या पाठीकडे पाहत होते. श्वास घेतला की पाठ वर यायची, सोडला की खाली जायची, आणि खाली गेल्यावर तिथेच थांबायची, जणू ती पुन्हा वर येणारच नाही. त्या थांबण्यात गोळी सुटायची. मी वर्षभर हेच शिकत होते आणि मला वाटत होतं की मला ते आलंय.

दिग्विजय माझ्या शेजारी पालथा पडून गवताची काडी चावत होता. पाचव्या गोळीनंतर तो कुजबुजला, "श्वास लवकर सोडत न्हाईत."

"नाही," मी म्हणाले.

दहावी झाली. काकांनी थोरलीचा बोल्ट उघडला, नळी रिकामी दाखवली, आणि उठायला काकींचा हात घेतला. ते कागदाकडे यायला तयार नव्हते. "तुम्हीच जावा," म्हणाले. "माझी भाकरी गार होतीया." पण त्यांनी डब्याला हात लावला नव्हता.

आम्ही दोघं कागदाकडे चालत निघालो. मधेच दिग्विजय पळायला लागला, मग मीही. तो आधी पोचला. गुडघ्यांवर हात टेकून त्याने कागदाकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर तेच हसू होतं, लिपस्टिकवालं.

"काय?" मी ओरडले.

"तू मोज. मी मोजलं तर म्हणशील, खोटं बोलतोय."

मागे, तीनशे मीटरवर, एक काळा ठिपका उभा राहिला होता. काका. दुसरा ठिपका खाली बसून जेवत होता.

"भोकं किती?" मी विचारलं.

दिग्विजयने बोट ठेवत मोजली, ओठ हलवत. मग उलटीकडून मोजली. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि प्रत्येक भोकात टोक घालून मोजली.

"दहा."

मी कॅलिपरचे जबडे सर्वांत दूरच्या दोन भोकांवर आणले, स्क्रू घट्ट केला, आणि आकडा दोनदा वाचला. एकदा मी वाचला, एकदा त्याने.

मध्यापासून मध्यापर्यंत, एकसष्ट पूर्णांक चार मिलिमीटर.